पन्नीचं तळं

मी तळ्यात पडले तो बाजाराचा दिवस होता. नवरा पहाटेच वांग्यांची पोती ऑटोत घालून इचोड्याला गेला होता, पोरं शाळेत होती आणि मी शेतात एकटी होते. तशी लांब बांधापलीकडे माझी मोठी जाऊ होती, पण तिचं असणं मी तेव्हा धरत नव्हते. ती माझ्याशी बोलत नव्हती त्याला चौदा महिने झाले होते.

हे ज्या तळ्यावरून झालं, ते आधी सांगते.

आमची भाजीपाल्याची शेती, तेलुगू मुलखातल्या मराठी गावात. नेरडीगोंड्याच्या अलीकडे महामार्ग सोडून कच्च्या वाटेनं आत गेलं की काळी जमीन लागते. तिथं दोन भावांच्या घरची आम्ही माणसं वांगी, टमाटे, भेंडी लावतो. बोअरला पाणी असतं ते होळीपर्यंत. त्यानंतर झाडं उभ्या उभ्या वाळतात. म्हणून गावात सभा झाली आणि माती-पाणी जपायच्या योजनेतून शेततळं मिळतं असं कळलं, तेव्हा सगळ्यांत पुढे मीच होते. खड्डा सरकार खोदून देणार, आत अंथरायची काळी पन्नी, म्हणजे जाड प्लास्टिक, सरकार देणार आणि शेवटच्या टप्प्यात चारी बाजूंनी लोखंडी जाळी. जमिनीच्या मालकीचं, पट्ट्याचं पासबुक माझ्या नावावर होतं, आणि बाईच्या नावानं अर्ज लवकर मंजूर होतो असं लोक म्हणत. मी मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. अर्ज मीच भरला.

अडचण एकच निघाली. तळ्याला जेवढा रकबा लागतो तेवढा आमच्या तुकड्यात बसेना. पाणी उतरून येतं ती जागा तीच, आणि तिच्यातले आठ गुंठे दिरांच्या वाटणीचे. दीर सरळ माणूस. नवऱ्यानं एकदा म्हटलं आणि त्यांनी संमतीच्या कागदावर दस्तखत करून दिलं. पण ते आठ गुंठे नावानं दिरांचे असले तरी कसत होती जाऊ. तिथं ती सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मेथी लावायची, स्वतः खुडायची, स्वतः जुड्या बांधून विकायची. साऱ्या शेतात तेवढा तुकडा तिचा होता, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

कृषी विस्ताराच्या मॅडम अर्ज तपासायला आल्या तेव्हा त्यांनी मला सरळ विचारलं होतं, "घरात सगळ्यांना माहीत आहे ना, अक्का? नंतर भांडण नको." मॅडम तेलुगू, आमच्यासाठी मोडकी मराठी शिकलेल्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान.

मी म्हटलं, "हाव, सगळ्यायले माहीत हाय."

जाऊला माहीत नव्हतं. आणि तिला माहीत नाही, हे मला माहीत होतं.

खोदायचं मशीन आलं त्या दिवशी सांबार वीतभर झाला होता. जाऊ घरून धावत आली तोवर अर्धा वाफा मातीच्या ढिगाखाली गेलेला. ती ओरडली नाही. मशीनवाल्याला हातानं थांबवून तिनं उरलेला सांबार उपटला, ओच्यात भरला आणि जाताना मला एवढंच म्हणाली, "इचारलं असतं त मी नाही म्हटलं नसतं. आता इचारू बी नोको."

त्यानंतर चौदा महिने. चुली आधीच वेगळ्या होत्या, अंगण एक. काही सांगायचं असलं तर ती पोरांच्या तोंडून निरोप पाठवायची. मी समोर बसलेली असले तरी.

तळं झालं, पावसात काठोकाठ भरलं. दिसायला देखणं होतं. पण पन्नीवर पाय ठरत नाही. शेवाळ धरलं की तो उतार लोण्यासारखा होतो. पहिल्याच पावसाळ्यात आत एक ससा मेलेला निघाला, मग शेजारच्यांचं कुत्रं. आत गेलेलं जनावर कडेकडेनं पोहत राहतं, नखं मारत राहतं आणि थकलं की बुडतं. कुत्रं निघालं त्या दिवशी आम्ही जाळीचं विचारायला कार्यालयात गेलो. मॅडमनी मोबाइल उघडून दाखवला. जाळीचा टप्पा उघडायला आधी भरलेल्या तळ्याचा फोटो चढवावा लागतो. फोटोत पाणी हवं, अर्जदार हवी आणि योजनेचा फलक हवा.

"अक्का, बोर्डु कनपडाली," त्या तेलुगूत म्हणाल्या, आणि मग मराठीत, "बोर्ड दिसलाच पाहिजे."

दोनदा त्यांची मुआयन्याला, म्हणजे पाहणीला, यायची तारीख ठरली आणि दोन्ही वेळा पावसानं वाट बंद झाली. तिसरी तारीख शेवटची होती. त्यानंतर ते ॲप त्या वर्षापुरतं बंद होणार होतं.

त्या दिवशी मॅडम अकराच्या सुमाराला येणार होत्या. मी नऊलाच तळ्यावर गेले, तर फलक जागेवर नाही. तो लाकडी चौकटीवर ताणलेला फ्लेक्सचा होता. वाऱ्यानं उपटून आतल्या उतारावर, पाण्याच्या हातभर वर, उताणा पडला होता. मी मोबाइल काठावरच्या पाण्याच्या मोटारीच्या डब्यावर ठेवला, चपला काढल्या आणि बसून बसून खाली सरकू लागले. वरची पन्नी कोरडी होती, तळपायाला धरत होती. एवढंच तर आहे, असं मी मनाशी म्हटलं. फलकाच्या कोपऱ्याला बोटं लागली आणि त्याच क्षणी टाचेखाली ओलं आलं.

मी धाडकन पडले नाही. बसल्या बसल्या सावकाश घसरत गेले, कोणी पाटावर बसवून ओढत न्यावं तशी. दोन्ही हातांनी धरायला गेले तर धरायला काही नव्हतंच. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, मग तोंडात. मला पोहता येत नाही. एकदा पुरती खाली गेले, डोळ्यांपुढे हिरवं-काळं झालं आणि हाताला काहीतरी गोल लागलं. मोटारीचा पाइप. काठावरच्या मोटारीपासून उतारावरून पाण्यात सोडलेला. मी त्याला मिठीच मारली.

टाचा उतारावर टेकवून, पाइपला धरून मी गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहिले. वर चढायला जोर लावला की मोटारीकडून कर्र असा आवाज यायचा. त्या पाइपाला नवऱ्यानं तारेचे दोन वेढे मारून भागवलं होतं, आवळायची पट्टी आणायची राहून गेली होती. जोर लावावा तर पाइप निसटेल आणि न लावावा तर वर कशी जाणार? मी हलायचंच बंद केलं.

तळ्याभोवती खोदाईच्या मातीचा पुरुषभर उंच बांध आहे. आतून मला दिसत होती काळी पन्नी, वर मातीची कड आणि आभाळाचा एक चौकोन. मी हाका मारल्या. "कोनी हाय का? अवो, कोनी हाय का?" आवाज त्या खड्ड्यातच फिरायचा. महामार्गावरच्या ट्रकांची घरघर मला ऐकू येत होती, पण माझं कोणाला ऐकू जात नव्हतं. मोबाइल वाजू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. फलक माझ्याबरोबरच पाण्यात आला होता. तो तरंगत तरंगत तळ्याच्या मध्यावर गेला, माझं नाव वर करून.

ऊन चढत होतं. डोकं तापलेलं आणि पाण्यातले पाय गार. साडी फुगून पायांत गुंडाळत होती. माझ्या शेजारी बेडकांची पिल्लं पन्नीवर चढू बघत होती. चार बोटं चढायची आणि परत पाण्यात यायची. थोड्या वेळानं मी त्यांच्याकडे बघणं सोडलं.

मग विळ्याचा आवाज आला. खर्र, खर्र. बांधापलीकडे कोणीतरी गवत कापत होतं. पाठोपाठ खोकला आला आणि तो मी ओळखला. जाऊ होती.

खरं सांगायचं तर मी लगेच हाक मारली नाही. आज हे लिहिताना माझं मलाच नवल वाटतं. गळ्यापर्यंत पाण्यात उभी असलेली बाई, माणूस वीस पावलांवर, आणि तोंडातून शब्द निघेना. कोणत्या तोंडानं बोलावू तिला? तिचेच आठ गुंठे माझ्या पायाखाली होते. मॅडम येतीलच, त्या काढतील, हिच्याकडून नको, असं मी स्वतःला समजावत राहिले. मग डाव्या हाताला मुंग्या आल्या, बोटं आपोआप उघडू लागली आणि मी किंचाळले, "बाई!"

विळा थांबला.

"बाई, मी हाव!"

काही नाही. आणि मग विळा पुन्हा सुरू झाला. खर्र, खर्र. ती ऐकून न ऐकल्यासारखं करत होती. चौदा महिने मी तिला एकदाही हाक मारली नव्हती. आता मारतेय म्हणजे काहीतरी मागायचं असेल, असं तिला वाटलं असणार.

"बाई, मी पान्यात पडली वो! तळ्यात!"

विळा दगडावर पडल्याचा आवाज मला ऐकू आला. बांधाची माती घरंगळली आणि आभाळाच्या त्या चौकोनात तिचं डोकं आलं.

"अगं माय! कवापासून?"

"लय येळ झाला."

"मंग बोंबलली काऊन नाही?"

तिनं उतारावर पाय टाकला. मी ओरडले, "नोका येऊ! तुमी बी आत याल!" तिचा पाय जरा सरकलाच. तिनं तो मागे घेतला आणि इकडेतिकडे पाहिलं. ना काठी, ना दोर. तळ्याच्या बांधावर झाडही नाही, कारण मुळांनी पन्नी फाटते म्हणून झाड लावायला मनाई.

मग तिनं नेसती साडी सोडली. उघड्या शेतात, भर दिवसा, परकरावर उभी राहिली. साडीचं एक टोक मोटारीच्या सिमेंटच्या ओट्याला बांधलं, दुसरं माझ्याकडे फेकलं. ते हातभर कमी पडलं. पुन्हा फेकलं, पुन्हा तेच. गवतासाठी आणलेलं बारदान तिच्या खांद्यावर होतं. तिनं साडी वर ओढून घेतली, टोकाला बारदान बांधलं, दातांनी गाठ आवळली आणि परत फेकलं. ते माझ्या तोंडापुढे पाण्यात पडलं.

"आंदी तुई साडी सोड. थे तुले खाली ओढून राह्यली."

एका हातानं मी निऱ्या सोडल्या. साडी पायांतून निघून गेली.

"आता पाइप सोड आन हे धर. दोन्ही हातानं."

"बाई, मले भेव लागते."

"मले बी लागते. धर."

मी पाइप सोडला. पाणी पुन्हा नाकात गेलं, पण बारदान हाती आलं. तागाचं, खरखरीत, बोटांना धरणारं. ती ओट्यामागे बसली, दोन्ही पाय ओट्याला लावले आणि ओढू लागली. मी पोटावर होते. हनुवटी, कोपरं, गुडघे तापलेल्या पन्नीवर घासत होते. अर्ध्यावर गाठ सरकली, मी वीतभर खाली आले आणि ती अशी काही ओरडली की तसा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग मातीच लागली तोंडाला.

आम्ही दोघी बांधावर पडून राहिलो. मला उलटी झाली. जरा दम आल्यावर मी म्हटलं, "बाई, थे सांबाराचं..."

"गप ऱ्हाय." ती आभाळाकडे बघत बोलली. "मी तुले काढलं. जमिनीचं थे वायलं हाय."

तेवढ्यात स्कूटीचा आवाज आला. मॅडम बांध चढून वर आल्या, परकरावरच्या दोन बाया पाहून आधी त्यांनी तोंड फिरवलं, मग माझी सोललेली हनुवटी पाहिली आणि स्वतःची ओढणी काढून माझ्या खांद्यावर टाकली. "मी फोन केला. किती वेळा केला," त्या म्हणत राहिल्या. आमच्या दोघींपैकी कोणी रडलं नव्हतं, त्या रडल्या. मला पाणी पाजलं, हातपाय चोळले. मग त्यांनी मोबाइलकडे पाहिलं. मला कळलं. आज शेवटची तारीख होती.

"मॅडम, एक सांगाचं हाय," मी जाऊकडे हात करून म्हटलं. "मी मांगं खोटं बोलली. यायले इचारलं नोतं. यातले आठ गुंठे यायच्या वाट्याचे हायेत."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे मी लिहिलं तर फाइल वादात जाते, अक्का. जाळी थांबते. दोन्ही घरांची बाकी कामंपण थांबतात. नाही लिहिलं तर..."

"जाळीबिगर किती दिस ऱ्हाईन हे?" जाऊनं विचारलं.

"सांगता येत नाही."

जाऊनं तळ्याकडे पाहिलं. "पोरं हिंडतात इथं," ती म्हणाली. "काढा फोटो."

ओट्याची गाठ सोडून तिनं आपली साडी माझ्या अंगावर टाकली आणि स्वतः मोटारीच्या आडोशाला, फोटोत येणार नाही अशी बसली. मी तिची साडी कशीबशी गुंडाळून तळ्याकडे पाठ करून उभी राहिले. मॅडम म्हणाल्या, जरा डावीकडे, म्हणजे मागे पाण्यातला बोर्ड येईल. मी डावीकडे सरकले.

तो फोटो पंधरा दिवसांनी परत आला. फलकावरची अक्षरं वाचता येत नाहीत, असा शेरा होता.

नवऱ्यानं त्या दिवशी बाजारातून आल्यावर माझे हात पाहिले आणि फावडंच उचललं. तळं बुजवून टाकू म्हणाला. दीरही तयार झाले. दोघं कार्यालयात गेले तर कळलं की बुजवता येत नाही. तळं आता सरकारी नोंदीत आहे, मुदत संपेपर्यंत ते राखायचं. मोडलं तर पुढे दोन्ही घरांना कुठलीच योजना नाही, ठिबक नाही, बियाणं नाही, काही नाही. आणि जाळीचं आता नव्या वर्षात, नव्या अर्जानं.

म्हणजे ते बुजवता येत नव्हतं आणि त्याला कुंपणही मिळत नव्हतं. आणि त्याच्याशिवाय आता भागतही नव्हतं, हे मी लपवणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात चहूकडची वांगी वाळली, आमची जगली. बाजारात लोक विचारायचे, एवढी हिरवी कशी? मी सांगायचे, सरकारी तळं आहे. पण त्या बांधावर मला चढता येत नव्हतं. पायथ्याशी गेले की पोटरीत गोळा यायचा. कोणाचाही मोबाइल वाजत राहिला आणि कोणी उचलला नाही की मी हातातलं काम टाकून उठायचे, अजूनही उठते. त्या दिवसांत मला वाटायचं, मी बाहेर निघाले हे लोकांना नुसतं दिसतं, खरी मी अजून आतच आहे.

मला बाहेर काढल्यावर आठेक दिवसांनी जाऊ अंगणात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पोरांकरवी नाही, स्वतः बोलली. "मोटारीच्या डब्याची चाबी मले दे."

मी दिली. तेव्हापासून पाण्याच्या पाळ्या झाल्या, एक दिवस तिचा, एक माझा. माझ्या पाळीलाही मोटार तीच चालू करते. मला चढता येत नाही हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. महामार्गावरच्या पंक्चरवाल्याकडून जुने टायर आणून दिरांनी आणि नवऱ्यानं ते दोरांना बांधले आणि चारी कोपऱ्यांतून आत सोडले. बोरीच्या काट्या आणून बांधावर टाकल्या. काट्या उन्हाळ्यात वाळून वाऱ्यावर उडतात, मग परत टाकाव्या लागतात. आमचं बोलणं आता होतं, पण पाण्याचं, पोरांचं, बाजाराचं. त्या वाफ्यानंतर तिनं सांबार कुठेच लावला नाही. तिच्याकडे जागा नाही असंही नाही. मी एकदा माझ्या तुकड्यातला एक कोपरा तिला देऊ केला. "तुया कोपरा मी काय करू?" म्हणाली.

यंदा जाळीचा नवा अर्ज आला, सोबत संमतीचा नवा कागद. मी तो आधी जाऊकडे नेला. ती ओसरीवर तूर पाखडत होती. मी खाली बसून एकेक ओळ वाचून दाखवली. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि सगळं ऐकलं.

"यात माह्यं नाव कुठं हाय?"

"नाही. पट्टा भाऊजींच्या नावानं हाय. सही त्यायचीच लागते."

"दस्तखत केलं त जमीन वापस येते का?"

"नाही येत, बाई."

"आन नाही केलं त?"

"तरी नाही येत."

तिनं माझ्या हातातून पेन घेतलं. कागदावर दिरांच्या सहीसाठी एक चौकोन छापलेला होता, बाकी कुठे जागा नव्हती. तिनं त्या चौकोनाच्या खाली, कोऱ्या कडेवर, तिसरीपर्यंत शिकलेल्या अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मग दिरांना हाक मारून म्हणाली, "घ्या, आता तुमची करा."

कागद मी दुसऱ्या दिवशी मॅडमकडे दिला. त्यांनी खालचं नाव पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता कागद फाइलीत लावला. वर कोणी ते खोडेल की राहू देईल, मला ठाऊक नाही. जाळीचे खांब मागच्या आठवड्यात येऊन बांधाशी पडले आहेत. जाळी कधी येईल ते अजून कोणी सांगत नाही.